सिदूआण्णांचा मजकूर

आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या वेबसाइटवर रोज सकाळी पहिला हल्ला करतात ते आमचे सिदूआण्णाच. अर्ज पक्का आहे ना हे बघायला, प्रवेशाचा अर्ज उघडून नावाच्या रकान्यात ते संगणकी भाषेत हुकूम लिहितात, 'सगळी यादी पुसून टाक', आणि अर्ज पाठवून देतात. मग यादी बघतात. नवीन विद्यार्थिनीचं नाव म्हणून तो हुकूम तिथे गुमान पडलेला असतो आणि बाकीची नावं सुखरूप असतात. आण्णा मिशीवरून हात फिरवतात. त्यानंतरच चहा.

आण्णा मूळचे म्हसवडचे. फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात आले आणि पुस्तकं आणून प्रोग्रामिंग शिकले. हा अर्ज त्यांनीच बांधलाय. "हुकूम आपला, मजकूर त्येंचा. दोनी येका पोत्यात भरायचं न्हाई," हे त्यांचं पालुपद. म्हणजे डेटाबेसला काम आधी सांगून ठेवायचं, मजकुरासाठी जागा मोकळी सोडायची, आणि लोकांनी लिहिलेलं नंतर त्या जागेत जसंच्या तसं ठेवायचं. आमच्या एका ट्रस्टींना त्यांनी हे भर लग्नात, हातात अक्षता असताना समजावलं होतं.

यंदा मी, रेक्टर म्हणून, जरा शहाणपणा केला. ज्या अर्जातल्या पत्त्यात पिनकोड नाही तो घ्यायचाच नाही, असं सुचवलं. आण्णांनी एक अर्ज दाखवला. माण तालुक्यातली मुलगी, गुण उत्तम, पत्ता: 'मेंढरांमागं. पावसात गावी, दिवाळीनंतर कृष्णाकाठी.' हा काय पत्ता झाला, मी म्हटलं, बाद करा.

आण्णांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मॅडम, माज्या साळंच्या फारमावर बानं ह्योच पत्ता सांगितलावता. त्येंनी फारम परत दिला. त्येच्यानंतर बा कुटल्या हापिसाची पायरी चढला न्हाई."

इतकी वर्षं शेजारी बसून मला हे ठाऊक नव्हतं. लाज वाटली. माझा नियम मी तिथेच मागे घेतला.

मुलीला प्रवेश मिळाला. तिला सोडायला आलेले वडील दारातच घुटमळले. पत्ता चालत नसेल तर पाहुण्यांचा देतो, म्हणाले. आण्णा खुर्चीतून उठले.

"आवं, दुसऱ्याचा कशाला? तुमी सांगितला तसाच लिव्हलाय." त्यांनी स्क्रीन फिरवला. मुलीने पत्ता मोठ्याने वाचला. मला आमच्या त्या साध्या अर्जाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

"परत वाच," वडील म्हणाले. तिने परत वाचला. आण्णा तोवर ताठ उभे होते.