शेवाळे सरांचा फळा

शेवाळे सर कुणाला नमस्कार करत नाहीत, गणित घालतात. सिडकोतल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून फ्रिज उतरवत होतो, तर हे समोर उभे.

"एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा. अवयव पाड!"

"सर, आधी फ्रिज उतरवतो."

"उतरव. पण लक्षात ठेव, आधी गुणाकार, मग बेरीज!"

म्हणजे असे दोन आकडे शोधायचे, ज्यांचा गुणाकार बारा आणि बेरीज सात. तीन आणि चार. अख्खी नोकरी सरांनी हेच शिकवलं. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. माझ्या मेहुण्याचं लग्न मोडलं, तेव्हा म्हणाले, "शिक्षण, घराणं, गुणाकार सगळा बरोबर होता रे. बेरीज बघायची राहिली तुमची." मेहुणा अजून त्यांच्यासमोर जात नाही.

जिन्याखाली सोसायटीच्या सूचनांचा फळा आहे. त्यावर रोज सकाळी सरांचं गणित. एकदा 'आज पाणी नाही' पुसून त्यांनी गणित लिहिलं, आणि तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ अंगाला साबण लावून बसून राहिले.

उत्तराचा पहिला मान काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा. सर त्यांना हात धरून खाली आणत, फळ्यासमोर खुर्चीत बसवत. काकू नामपूरच्या, सातवी शिकलेल्या. तांदूळ निवडता निवडता सरांच्या शिकवण्या कानावर पडून अवयव पाडायला शिकल्या. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला. मुलीचं नाव गेलं, मग स्वतःच्या घराचा मजला. बोलणं माहेरच्या अहिराणीवर गेलं. गणित तेवढं टिकलं. ते दिवसेंदिवस सोपं होत होतं, हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी तर रोज एकच: एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा. काकू म्हणायच्या, "दोन अन् तीन." सर फळाभर 'बरोबर' लिहायचे. आम्ही हसायचो. आता लाज वाटते.

गेल्या आठवड्यात सहाच्या जागी सात दिसला. दिवसभर डोकं खाजवलं. सात एके सात, बेरीज आठ; पाच काही येईना. म्हाताऱ्याची चूक सापडली, या आनंदात संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.

"सर, याचे अवयव पडतच नाहीत!"

"माहीत आहे." सर काकूंची वेणी घालत होते. "काल हिला दोन अन् तीन आलं नाही. नुसती फळ्याकडे बघत राहिली, मग रडायला लागली. आता हिला मी चूक देऊ होय?"

सरांनी वेणीचा पुढचा पेड गुंफला.

"म्हणून आज सात लिहिला. ही गप्प बसली. याचं उत्तरच नाही, म्हणजे हिचं बरोबर आलं की नाही?"

काकूंनी सरांकडे बोट दाखवून मला विचारलं, "हाऊ कोन शे?"

सरांनी वेणीला रबर लावला.

"उद्याही सातच लिहितो," ते म्हणाले.