काटकसरीचं उद्यापन

सोमवारी सकाळचे आठ वाजून गेले तरी देवराव ताथोडांच्या घरची चूल पेटली नव्हती, आणि नेमकी त्याच वेळी शेजारची गंगूबाई हातात खापर घेऊन विस्तव मागायला दारात उभी राहिली.

चूल थंड ठेवण्यामागे देवरावांचं डोकं होतं. उन्हाळ्यात त्यांनी धाकट्या बहिणीचं, मैनाबाईचं, अकोटला लग्न करून दिलं. जावयाची सायकल, वऱ्हाडाचं दोन दिवसांचं जेवण, ज्यांना कोणी ओळखत नव्हतं अशा पाहुण्यांच्याही टोप्या, यांत खर्च इतका वर गेला की गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या किसनरावांकडून तीनशे रुपये उचलावे लागले. किसनराव कापसाचे दलाल. माणसावर विश्वास ठेवायचा तर त्याच्या बायकोच्या गळ्याकडे पाहून ठेवावा, हे त्यांचं तत्त्व. त्यामुळे देवरावांच्या बायकोची, चतुराबाईची, सोन्याच्या मण्यांची चार तोळ्यांची एकदाणी त्यांच्या तिजोरीत गेली. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पैसे आले तर एकदाणी परत, नाहीतर ती किसनरावांची. चतुराबाईच्या आईनं मरताना ती स्वतःच्या गळ्यातून काढून लेकीच्या गळ्यात घातली होती. नणंदेच्या लग्नासाठी ती काढून देताना चतुराबाई रडली नाही, भांडली नाही. देवरावांना तेच जड गेलं होतं.

देवराव जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून. पावसाळ्यात जिन बंद, पगार अर्धा. म्हणून त्यांनी आई, बायको आणि तिन्ही लेकरांना समोर बसवून काटकसरीचा कार्यक्रम जाहीर केला होता. चहात साखरेऐवजी गूळ. दिवा एकच, तोही जेवणापुरता. थोरल्या शालूला नवी रिबीन नाही. स्वतःची विडी त्यांनी अर्धी केली, म्हणजे एकच विडी ते दोनदा पेटवू लागले. आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत चूल पेटवायची नाही. पहिल्याच सोमवारी गंगूबाई उपटली.

"काहून व चतुरे, राख थंडी तुही? सैपाक नाई आज?"

चतुराबाई खरं बोलणारी बाई. ती तोंड उघडणार एवढ्यात देवराव खाटेवरून म्हणाले, "उपास आहे आज. साऱ्या घराले."

उपाशी म्हटलं की गल्ली हसते आणि उपास म्हटलं की गल्ली हात जोडते, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

"श्रावण लागला म्हून?" गंगूबाईनं विचारलं.

आता "हो" म्हणून सुटता आलं असतं. पण श्रावणात सोमवार किती? चार, फार तर पाच. पुढे गंगूबाई पुन्हा विस्तवाला आली तर? आणि बचत तर कार्तिकापर्यंत करायची होती. देवराव हिशेबी माणूस. हिशेबी माणसं अशीच बुडतात.

"सोळा सोमवार धरले आमी," ते म्हणाले.

कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या तानुबाईंनी, म्हणजे देवरावांच्या आईनं, मान वर केली. म्हातारीला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं, पण देवाचं बरोबर ऐकू यायचं. "माह्या पोराले बुद्धी सुचली व माय," असं म्हणत ती उठली आणि तिनं घराचा ताबा घेतला. लेकरं दिवसभर उपाशी राहणार नाहीत म्हणून साबुदाणा आला. म्हातारीला साबुदाणा बाधतो म्हणून भगर आली. भगरीला शेंगदाण्याची आमटी लागते. संध्याकाळी पूजेला बेल, फुलं, आणि प्रसादाला चुरमा. चुरमा गव्हाचा, आणि तूप घरात औषधालाही नव्हतं, ते वाण्याकडून उधार आलं.

पूजेला बसताना तानुबाईंनी बजावलं, "एक एक गोष्ट मांगा देवाले. एकच. आन् साफ मांगा."

शालूनं रिबीन मागितली असावी. चतुराबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि देवरावांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "माही एकदाणी या घरात येऊ दे."

रात्री देवरावांनी खर्चाची बेरीज केली. तेवढ्यात घराची चार दिवसांची ज्वारी आली असती. एकादशी दुप्पट खाशी हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, पण म्हणी दुसऱ्यांसाठी असतात असा त्यांचा समज होता.

"भाकर सस्ती होती," चतुराबाई म्हणाली.

"पयला सोमवार आहे. पुढं कमी होईन."

पुढे वाढलं. गंगूबाईनं गल्लीभर सांगितलं, आणि पुढच्या सोमवारी कथा ऐकायला बायका आल्या. आलेल्या बाईला चहाशिवाय कसं पाठवायचं? आणि परक्या माणसाला गुळाचा चहा कसा द्यायचा? साखर परत आली. अंधारात कथा वाचता येत नाही म्हणून दुसरा दिवा परत आला. त्यातच गंगूबाईचा मुलगा, जो दोन वर्षं नुसता ओट्यावर बसून होता, तो एसटीत कंडक्टर म्हणून लागला. त्यानं अर्ज केला होता, त्याची मुलाखत झाली होती, पण हे कोणी लक्षात घेतलं नाही. देवरावांच्या घरचा सोमवार पावला, असं ठरलं. मग काय, ज्यांच्या पोरी खपत नव्हत्या, ज्यांच्या म्हशी आटल्या होत्या, ते सगळे सोमवारी संध्याकाळी हात जोडून येऊ लागले. जोडलेले हात रिकामेच असतात. वाटीभर साखर कोणी आणली नाही.

सोमवारच्या तुपासाठी मंगळवारचं वरण गेलं. साबुदाण्यासाठी बुधवारचं दूध गेलं. गुरुवारी भाकरीबरोबर नुसता ठेचा आणि शनिवारी ठेच्याबरोबर अर्धी भाकर, असा आठवडा लागला. एकदा जेवताना शालूनं विचारलं, "बाबा, सोमवारी पोटभर भेटते. मंग बाकीच्या दिवशी उपास काहून?"

देवरावांनी तिला गप्प बसवलं. उत्तर नसलं की बापाला अधिकार असतो.

त्यांनी एकदा आईकडे व्रत सोडायची गोष्ट काढली. तानुबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "घेतला वसा टाकतं का रे? गंगीच्या पोराची नोकरी गेली तं पाप कोनाच्या डोक्यावर?" देवरावांनी भीतीनं तो विषय सोडला. नोकरी गेली असती तर गल्लीनं खरंच त्यांनाच धरलं असतं.

मग एका सोमवारी खुद्द किसनराव प्रसादाला आले. देवरावांची ओढाताण पाहून त्यांनी आषाढात व्याज सोडण्याची गोष्ट केली होती. चुरम्याची वाटी त्यांनी बोटानं पुसून स्वच्छ केली, बोटाचा वास घेतला आणि म्हणाले, "तूप असली आहे, देवराव. मले वाटे तुमचं अडून राहिलं. देवाच्या दयेनं घरात तूप वाहून राहिलं. मंग ते व्याज सोडाचं आपण बोललो होतो, ते राहू द्या. भक्ताच्या घरचं व्याज सोडलं तं देवच मले इचारन."

देवरावांनी त्यांना आणखी एक वाटी दिली. नाही म्हणता येईना.

या सगळ्यात पैसे साठवत होती ती एकटी चतुराबाई. दुपारभर ती लोकांच्या गोधड्या शिवायची आणि मिळालेले पैसे एका डब्यात टाकायची. दिवाळीपर्यंत त्या डब्यात शंभराच्या वर रुपये झाले होते. दिवाळीनंतर जिन सुरू झाला, देवरावांचा पूर्ण पगार हाती येणार होता, थोडीफार उचलही मिळाली असती. रडतखडत का होईना, एकदाणी सुटण्यासारखी होती. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं झालं नसतं तरी चाललं असतं.

"उद्यापनाचं काय ठरवलं?" तानुबाईंनी विचारलं.

सोळा सोमवारांचं उद्यापन म्हणजे सोळा मेहुणं, म्हणजे सोळा जोडपी, जेवायला. पुरणपोळी, कढी, वडे. बायकांना ओटी आणि खण, पुरुषांना विडा-दक्षिणा. देवरावांनी चार मेहुणांवर भागवू म्हटलं. पण म्हातारीनं आमंत्रणं आधीच देऊन टाकली होती. अकोटहून मैनाबाई आणि जावई येणार होते. जावयाला धोतरजोडी हवी. बार्शीटाकळीची मावशी-मावसा येणार होते. गल्लीतली तर यादीच करायला नको, सगळीच.

देवराव किसनरावांकडे मुदत मागायला गेले.

"मुदत नाई वाढवत मी," किसनराव म्हणाले, "पन देवाचं काम अडू नाई द्याचो. असं करा, एकदाणी मले सोडून द्या. तुमचं मुद्दल, व्याज, सारं फिटलं. वरून हे पन्नास घेऊन जा."

चार तोळे सोनं तेवढ्यात देणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर सोळा मेहुणांचा यजमान. देवरावांनी पन्नास रुपये घेतले. पुढच्या हंगामात नवीन घडवू, असं स्वतःला सांगत ते घरी आले. बायकोला मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं.

"संक्रांतीपर्यंत मुदत देल्ली किसनरावानं. भला माणूस आहे."

चतुराबाईचा चेहरा इतका उजळला की देवरावांनी नजर वळवून खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं. ती उठली, फळीवरचा डबा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "मुदत आहे तं घ्या हे. संक्रांतीपर्यंत शिवीन मी आनखी. बुढीचं मन नका मोडू."

देवरावांनी तेही घेतले. त्या क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली, पण गहू त्याच दिवशी दळायला टाकायचे होते.

उद्यापनाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. मैनाबाई नव्या नवरीसारखी मिरवत होती, जावई धोतरजोडीचा काठ पाहत होता. सगळं ठीक चाललं होतं, फक्त बार्शीटाकळीची मावशी आली नाही. एसटी चुकली की मन चुकलं, कोणास ठाऊक. मेहुणं पंधराच भरली.

"पंधरा चालत नाई," तानुबाई म्हणाल्या आणि कोणी विचारायच्या आत काठी टेकत गल्लीच्या टोकाकडे चालू लागल्या.

देवराव मागून धावले. "माय, थांब. मी आनतो दुसरं कोनी."

"किसनरावासारखा देवाचा मानूस सोडून दुसरं कोन आनतं?"

पाच मिनिटांत किसनराव आणि त्यांची बायको आशाबाई पाटावर येऊन बसली. आशाबाईनं जांभळं लुगडं नेसलं होतं. आणि त्यावर, मांडवातल्या सगळ्या बायकांना नीट दिसेल अशी, चतुराबाईची एकदाणी होती.

चतुराबाई हातात कुंकवाचा करंडा घेऊन ओळीनं येत होती. मैनाबाई झाली, गंगूबाई झाली. आशाबाईपुढे आल्यावर तिचं बोट करंड्यातच राहिलं. ती एकदाणीचा एक एक मणी ओळखत होती. मधला एक लहानपणी तिच्याच दातानं चेपला होता.

"परवाच यायनं मले देल्ली," आशाबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. तिला बिचारीला वाटलं हिला माहीतच असेल. "तुमच्या मालकाले पैसे पाह्यजे होते म्हने, उद्यापनाले. सोडून देल्ली त्यायनं."

चतुराबाईनं एकदाच मागे वळून पाहिलं. देवराव कढीचं भांडं हातात धरून उभे होते. ते खाली ठेवावं की वाढावं, हे त्यांना कळेना. जिनातली कापसाची गंजी पेटली असती तर बरं झालं असतं, सगळे तिकडे धावले असते, असं त्यांच्या मनात आलं. पण जिन शांत होता.

चतुराबाईनं कुंकू लावलं. पाय धुतले. ओटी भरली. मग रिवाजाप्रमाणे वाकून पायांवर डोकं ठेवलं. आशीर्वाद द्यायला आशाबाई पुढे झुकली, तेव्हा एकदाणी चतुराबाईच्या केसांना लागली.

"तुह्या मनातलं सारं होऊ दे, बाई."

जेवण चांगलं झालं. किसनरावांनी दोन वेळा पुरणपोळी मागून घेतली आणि तुपाची तारीफ केली. जाताना त्यांनी देवरावांच्या खांद्यावर हात ठेवला. आठवडाभर चतुराबाई नवऱ्याशी भांडली नाही. ताट वाढलं, पाणी दिलं, आणि गोधडी शिवत बसली. देवरावांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा जेवून घेतलं.

पुढच्या सोमवारी सकाळी गंगूबाई खापर घेऊन आली. चूल धडधडून पेटली होती, तव्यावर ज्वारीची भाकर फुगली होती, आणि देवराव ताटावर बसले होते.

"उपास सुटला म्हनाचा," गंगूबाई म्हणाली. एकदाणीचं तिनंही मांडवात ऐकलं होतं, पण सरळ विचारवेना. "तू काय मांगतलं होतं व देवाले? पावला का?"

चतुराबाईनं चिमट्यानं चांगले लाल निखारे निवडून तिच्या खापरात घातले.

"पावला नं. एकदाणी घरात येऊ दे म्हनलं होतं, आली." तिनं भाकर उलटली. "राहू दे म्हनाचं राहून गेलं."

मग तिनं ती भाकर देवरावांच्या ताटात टाकली. ते खाली मान घालून खाऊ लागले. भाकर गरम होती, त्यांना आवडायची तशी कडेला करपलेली.