राऊत वकिलांची कार्यालयीन प्रत

राऊत वकिलांशी माझी ओळख त्यांनी मला बजावलेल्या कायदेशीर नोटिशीमुळे झाली. ती ते स्वतः घेऊन आले. "टपालाने तीन दिवस लागतात," म्हणाले, "आणि तुम्ही तर समोरच राहता." नोटीस माझ्या हातात दिली, पोच म्हणून माझी सही घेतली आणि मग चहाला बसले.

मुलांनो, तुम्ही परदेशी विद्यापीठांचे अर्ज फोनवरून भरता असं ऐकते, तेव्हा मला हे गृहस्थ आठवतात. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तुमचे आजोबा आणि मी दादर सोडून उमेळ्याला राहायला गेलो होतो. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली मी लगेच सोसायटीची सेक्रेटरी झाले. समोर राऊतांची वाडी: केळी, जुनं कौलारू घर आणि एक बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. आजूबाजूचे बागायतदार पाळीपाळीने त्याचं पाणी घ्यायचे. आमच्या इमारतीचं सांडपाणी त्यात झिरपत होतं, म्हणून ती नोटीस. मी आठवड्याच्या आत पाईप वळवून घेतला. वकिलांनी आभाराचं पत्र आणून दिलं आणि त्याचीही पोच घेतली.

वकिलांची पन्नाशी उलटलेली. लग्न केलेलं नव्हतं आणि आई गेल्यापासून घरात दुसरं कुणी नव्हतं. तोंडात एकच शब्द, "पुरावा?" आज फार उकडतंय म्हटलं तरी "पुरावा?" आमच्या इमारतीतली निम्मी माणसं सकाळीच मुंबईला जायची. त्यांच्या किल्ल्या वकिलांच्या दारामागे खिळ्यांवर लटकत. शाळेतून आलेल्या मुलींची ते आधी उलटतपासणी घेत.

"हे तुझंच घर कशावरून?"

"फ्रिजवर मी काढलेलं चित्र लावलंय."

"कसलं चित्र?"

"तुमचं. काळ्या कोटातलं."

"ग्राह्य," असं म्हणून ते किल्ली देत.

तर अशा माणसाला कायद्यात डॉक्टरेट करायची होती, आणि तीही विलायतेत. त्याला कारण गोमतीआजी. ती पलीकडच्या वाडीतली, वकिलांची अशील. तिकडच्या बावखलातली तिची पाण्याची पाळी त्याच्या नव्या मालकाने बंद केली. पाण्यावर तुमचा हक्क कुठे लिहिलाय, असं कोर्टात विचारल्यावर ती म्हणाली, "लिवलेलं नाय. मंगलवारी पानी आमचं. माझ्या सासूच्या सासूलापन ठाव होतं." ती खटला हरली.

"बाई," वकील मला म्हणाले, "मी जन्मभर लोकांकडे पुरावा मागितला. म्हातारीच्या मंगळवारला पुरावा नव्हता, पण मंगळवार खरा होता." जो हक्क कुठेच लिहिलेला नाही तो कायद्याने ओळखायचा कसा, हा त्यांचा विषय. जगभरातले असे खटले तिथल्या ग्रंथालयात आहेत, असं त्यांनी वाचलं होतं. गोमतीआजीच्या हयातीत ते लिहून व्हावं, एवढीच त्यांची घाई.

पहिल्या वर्षी, तुम्हाला इथे का शिकायचं आहे, या अर्जातल्या प्रश्नाला त्यांनी स्टॅम्पपेपरवर उत्तर दिलं: मी, खाली सही करणार, वय वर्षे चोपन्न, धंदा वकिली, राहणार उमेळे, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की... खाली नोटरीचा शिक्का. नकार आला. दुसऱ्या वर्षीचा मजकूर मी लाल पेनाने सरळ केला. तोही नाकारला गेला. तिसऱ्या वर्षी मी शिफारसपत्रांची चौकशी केली, तेव्हा खरा प्रकार कळला. एक पत्र वीस वर्षं त्यांच्याविरुद्ध लढलेल्या वकिलांचं. दुसरं निवृत्त न्यायाधीशांचं, ज्यांनी त्यांना भर कोर्टात खाली बसवलं होतं.

"अहो, ही माणसं तुमच्याबद्दल चांगलं कशाला लिहितील?"

"आपल्या बाजूच्या साक्षीदाराला वजन नसतं, बाई. विरुद्ध बाजूने कबूल केलं तेवढंच सिद्ध होतं. यंदा तिसरं पत्र तुम्ही द्या."

"मी कुठे तुमच्या विरुद्ध आहे?"

"मी तुमच्यावर नोटीस बजावली आहे."

पत्र पाकिटात बंद करून चिकटवलेल्या कडेवर लिहिणाऱ्याने सही करायची आणि अर्जदाराने ते वाचायचं नाही, असा नियम होता. वकिलांनी प्रत्येकाकडून दोन पाकिटं घेतली. एक विद्यापीठाला, दुसरी कार्यालयीन प्रत.

"म्हणजे ती तुम्ही वाचणार."

"गोपनीय आहे ती," ते दुखावल्यासारखे म्हणाले.

त्या वर्षी मार्चमध्ये गोमतीआजी गेली. नंतर विद्यापीठाचं उत्तर आलं, एका कागदाचं. मी वाचून दाखवलं. अर्ज फार होते, जागा थोड्या होत्या, त्यांना खेद होता.

"इंग्रजी चांगलं आहे त्यांचं," वकील म्हणाले.

"पुढच्या वर्षी पुन्हा पाठवू."

"नको. ज्याच्यासाठी अपील करायचं तो पक्षकारच राहिला नाही."

त्यानंतर काही दिवस ते दिसले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. टेबलावर तीन बंद पाकिटं होती.

"अर्ज निकाली निघाला," ते म्हणाले. "आता गोपनीयता संपली असं धरावं का?"

"धरा. उघडा तिन्ही."

"तिन्ही नको. तुमचं तेवढं."

माझ्या सहीला धक्का लागू नये म्हणून त्यांनी पाकीट खालच्या बाजूने पात्याने कापलं. उभ्यानेच वाचलं. मग एका वाक्यावर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, की इथली माणसं यांच्या भरवशावर घर सोडून जातात.

"पुरावा?" त्यांनी विचारलं. आवाज कोर्टातला नव्हता.

मी दार लोटून घेतलं. दारामागे तेरा खिळ्यांवर तेरा घरांच्या किल्ल्या होत्या. रोज हाताळलेल्या त्या किल्ल्या त्यांनी एकेक करून मोजल्या.

"ग्राह्य," म्हणाले.

मी निघाले तेव्हा त्यांनी थांबायला सांगितलं. आतून एक किल्ली आणली, जुनी, पितळेची, तिला दोरा नव्हता.

"ही या घराची. दुसरी. आई गेल्यापासून पडून आहे. द्यायची कुणाकडे, ते ठरत नव्हतं."

मी ती घेतली आणि सवयीने विचारलं, "पोच कुठे देऊ?"

"पोच नको," वकील म्हणाले.