आधी पाडायचं, मग हात वर करायचा

"मेव्हण्याला पाडायचं, हात वर करायचा, ‘माझी चूक’ म्हणायचं. बायकोने हे डोळ्यांनी पाहिलं की संध्याकाळी ती घरी," भट्टीवाला म्हणाला.

बिस्किटांच्या कारखान्यात तो भट्टी सांभाळायचा. पाठीमागे सगळे त्याला ‘मी नव्हे’ म्हणत. बिस्किटं करपली की दोष पिठाचा, कच्ची राहिली की हवेचा. माणूस तसा वाईट नव्हता, पण ‘चुकलो’ हा शब्द त्याच्या घशातच अडकायचा. बायको घरी कपडे शिवायची. गिऱ्हाइकाच्या कोऱ्या झग्यावर हा तापलेली इस्त्री तशीच ठेवून विसरला आणि वर म्हणाला, "कापडच हलकं होतं."

"झगा मी भरून देईन," ती म्हणाली, "पण एकदा चुकलो म्हणालात तर जीभ झडेल का तुमची?"

हा छताकडे बघत राहिला. ती भावाकडे निघून गेली. तेव्हापासून घर त्याला खायला उठत होतं.

"अरे, मग जाऊन सरळ माफी माग की," गोलरक्षक म्हणाला. हा त्याचा भट्टीवरचाच जोडीदार.

"घरी जमत नाही रे. मैदानावर जमतं."

हे मात्र खरं होतं. दर रविवारी सकाळची पाळी विरुद्ध दुपारची पाळी असा फुटबॉल चाले. दोन्ही पाळ्यांना चालेल असा पंच मिळेना, आणि रात्रपाळी त्या वेळी घोरत पडलेली असे. म्हणून असं ठरलं, की ज्याने फाउल केला त्यानेच हात वर करून सांगायचं, समोरच्याने ते मान्य केलं की खेळ पुढे. तिथे सगळेच हात वर करत, त्यामुळे भट्टीवाल्यालाही त्यात कमीपणा वाटत नसे. मेव्हणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ, दुपारच्या पाळीकडून खेळायचा. आणि आज पहिल्यांदाच सामना बघायला बायको त्याच्या गाडीतून आली होती.

खेळ सुरू होताच भट्टीवाल्याने मेव्हण्याचा सदरा मागून ओढला, हात ताठ वर केला आणि मैदानभर ऐकू जाईल असं ओरडला, "माझी चूक!" कडेला बघतो तर बायको शेजारच्या बाईच्या बाहीची शिवण उलटून बघण्यात गर्क.

"चूक फुकट गेली," तो गोलरक्षकापाशी येऊन कुरकुरला.

"आता पुरे कर. भला माणूस आहे तो."

पण ऐकेल तर तो भट्टीवाला कसला. पुढच्या वेळी ती बघते आहे याची खात्री करून त्याने मेव्हण्याला खांद्याने ढकललं. मेव्हणा आडवा झाला. याचा हात वर.

"छे छे, भावोजी," मेव्हणा धूळ झटकत उठला. "मीच घसरलो."

"नाही दादा, मी ढकललं."

"उगाच स्वतःवर घेऊ नका. माझे बूटच गुळगुळीत झालेत."

"अहो, मुद्दाम ढकललं!"

"मोठं मन आहे तुमचं."

दोघांचं एकमत होईना, त्यामुळे खेळ थांबला. बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे. शेवटी मेव्हणा वयाने मोठा, म्हणून तोच घसरला असं ठरलं. लांबून बायकोला मात्र एवढंच दिसलं, की नवरा भावाशी हुज्जत घालतो आहे. तिने तोंड फिरवलं.

भट्टीवाल्याची मती फिरली. आता फाउल असा हवा, की घसरलो म्हणायची कोणाची टाप नाही. मेव्हणा चेंडू घेऊन गोलाकडे निघाला तसा हा मागून धावला आणि त्याने त्याच्या पायात पाय घातला.

काडकन आवाज झाला. मेव्हण्याचा घोटा भलतीकडेच वळला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. भट्टीवाल्याला फार वाईट वाटलं, पण त्याहून जास्त भीती वाटली. त्याचा हात काही वर झाला नाही.

बायको धावत आली. चौघांनी मेव्हण्याला उचलून गाडीपाशी नेलं. मागच्या सीटवर आडवं करावं तर तिथे बॅग. भट्टीवाल्याने लगबगीने ती बाहेर ओढली. निळी, एका चाकाने लंगडी. लग्नानंतर दोघांनी मिळून घेतलेली.

"ही इथे कशी?"

"आज तुमच्याकडेच सोडणार होतो हिला," मेव्हणा दात आवळून म्हणाला. "किती दिवस समजूत घालत होतो. म्हटलं, एकदा मैदानावर येऊन बघ, कसे चटकन चूक कबूल करतात ते."

बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही.

"मुद्दाम पाडलंत ना? खरं सांगा. दादाला दवाखान्यात पोचवते आणि घरी येते."

मेव्हणा मान उचलून बघत होता. या वेळी तो काही बोलला नाही. गोलरक्षक डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण, हो म्हण. भट्टीवाल्याने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"मैदानच उंचसखल आहे," तो म्हणाला.

गोलरक्षकाने गाडी सुरू केली. बायकोने नवऱ्याच्या हातातून बॅग काढून घेतली, पुढे बसून ती मांडीवर ठेवली आणि दार लावून घेतलं.