शिदोरीची स्वारी आणि बासीचा तह

श्रीमहामाया प्रसन्न. रायपूर शहरी महाराष्ट्रमंडळीची वस्ती पुरातन. कोणी रेल्वेच्या चाकरीस आले, कोणी दप्तरांत लेखणी चालवावयास आले, आणि मग राज्य नवे होऊन शहरास राजधानीची प्रतिष्ठा प्राप्त जाहली तेव्हा आणखीही बहुत आले, आणि सर्वांनी मिळून मायबोली ऐसी जतन केली की आईबापे मराठीत बोलतात आणि लेकरे हिंदीत उत्तर देतात. त्या मंडळींत टेमरीडीहच्या मोहिमेचे वर्तमान दोन प्रकारे प्रचलित जाहले. अनंतराव सांगतात तो एक प्रकार, आणि शांताबाई काही न सांगता नुसत्या हसतात तो दुसरा. सबब खरे काय घडले ते पदरचे न घालता लिहून ठेवावे ऐसे मंडळीचे मत पडले, त्यावरून हा मजकूर लिहिला आहे. वाचणाराने पोटात काही घालून मग वाचावयास बसावे.

राजश्री अनंतराव मूळचे वर्धेकडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर हयात घालवून निवृत्त जाहलेले, मसलतीचा मोठा भोक्ता पुरुष. पेन्शन सुरू जाहल्यापासून मुलूख पाहण्याचा शौक जडला, आणि मग रामेश्वर पाहिले, केदार पाहिले, अंदमानचे काळे पाणीही पाहिले, आणि घरापासून तासाभराच्या वाटेवर कोणती गावे आहेत याची मात्र खबर नव्हती. त्यांची सून मंजिरी नव्या रायपुरात सरकारी दप्तरी नोकरीस, तिजकडे खेड्यांतील बायकांच्या बचतगटांचे काम. तिने अर्ज केला की अभनपुरापलीकडे टेमरीडीह म्हणून गाव आहे, तेथील बायकांनी आपली घरे पाहुण्यांस खुली केली आहेत, तेथे जावे, त्यांच्या घरी राहावे, घर जे खाईल ते खावे, तळे पाहावे, शेत पाहावे, त्यात गावाचाही फायदा राहतो आणि आपल्यासही आपला मुलूख कळतो, यास जबाबदार पर्यटन म्हणतात. जबाबदार हा शब्द कानी पडताच अनंतरावांस स्फुरण चढले, कारण निवृत्तीनंतर घरात त्यांजवर भाजी निवडण्यापलीकडे कोणी कसली जबाबदारी टाकीत नव्हते.

परंतु मंजिरीच्या जिवास घोर होता, तो तिने सासऱ्यांस उघड करून सांगितला. पूर्वी शहरातून एक टोळी त्या गावी गेली होती. त्या टोळीने बिसाहीनबाई म्हणून गटाची मुख्य बाई, तिच्या चुलीची चित्रे काढिली, कोंबड्यांची काढिली, खुद्द बाईचीही काढिली, आणि मग पिंपळाखाली बसून आपले डबे उघडून जेवून निघून गेली. बिसाहीनबाईने रांधलेले अन्न गुरांपुढे गेले आणि साऱ्या पाऱ्यात, म्हणजे आळीत, तिचे हसे जाहले. आता बायकांनी निर्वाणीचा ठराव केला की या खेपेसही पाहुणे जेवले नाहीत तर अंगण बंद, पाहुण्यांसाठी सारवून ठेवलेली खोली पुन्हा भुशास द्यावी, आणि शहरच्या माणसाचे नाव काढू नये. सबब मंजिरीचे मागणे एकच, की तिच्या घरचे जेवा. अनंतरावांनी मान डोलावून होकार भरला, आणि मग मसलतीच्या गर्दीत ते विसरून गेले.

वैशाखातील रविवार मोहिमेस मुक्रर जाहला. दिवाणखान्यात खलबत बसले आणि अनंतरावांची फर्माने सुटली, की या स्वारीत कोणी प्लास्टिक नेऊ नये, कोणी गोंगाट करू नये, गावचे पाणी नासू नये, गावकऱ्यांस काडीची तोशीस लागू देऊ नये. मग स्वतः सदर बाजारात जाऊन, दुचाक्यांच्या दाटीतून वाट काढून, मोहिमेचे निशाण करवून आणिले, त्यावर ठळक अक्षरांत ‘प्लास्टिकमुक्त जबाबदार यात्रा’ ऐसे छापविले होते, आणि ते निशाण फ्लेक्सचे होते. चिरंजीव निरंजन रायपुराशेजारच्या उरला या वसाहतीतील पोलाद कारखान्यात हुद्द्यावर, त्यास हे दिसले, परंतु बापाच्या निशाणाविषयी बोलणे त्यास प्रशस्त वाटले नाही.

रसदेचे खाते शांताबाईंकडे. या बाईंचा दरारा मोठा, आणि त्यांच्या घराण्याची पिढीजात रणगर्जना एकच, कोणाले तरास नको. लग्नास जावे तरी अंथरूण आपले न्यावे, दवाखान्यात पडावे तरी चहा घरून मागवावा, आणि यजमानाने वाढावयास पळी उचलली की पानावर आडवा हात धरावा, ऐसे त्यांचे शास्त्र. त्या शास्त्रास अनुसरून त्यांनी पहाटेच पोळपाट मांडिला आणि पोळ्यांची चळत उभी केली, ठेचा कुटला, झुणका केला, दशम्या केल्या, चिवडा भरला, शंकरपाळे भरले, आणि पाण्याचे भले मोठे कॅन दाराशी आणून ठेविले.

मंजिरीने हे लष्कर पाहिले आणि तिचे धाबे दणाणले. ती म्हणाली, “आई, तिथं त्या सयंपाक करूनच राहिल्या ना आपल्यासाठी.”

शांताबाई म्हणाल्या, “करू दे. गरिबाची माणसं आहे ते. आपल्यासाठी त्यायले काहून राबवा? आपलं आपल्याजवळ असलं म्हणजे कोणाले तरास नाही.”

सुनेने डबे आणि कॅन गाडीत नेऊन ठेविले.

मग स्वारी दरकूच निघाली. निरंजन सारथ्यास, पुढे अनंतराव निशाणाची गुंडाळी मांडीवर घेऊन, मागे सासूसुना आणि दोहींच्या मध्ये शिदोरी. अभनपुरास चहाचा मुक्काम जाहला. तेथे अनंतरावांनी कागदी पेल्याचा निषेध करून घरून आणिलेले स्टीलचे पेले पुढे केले, आणि टपरीवाल्यास पर्यावरणाचा उपदेश केला. टपरीवाल्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले, आणि मग माप कळावे म्हणून चहा आधी कागदी पेल्यात ओतला, त्यातून स्टीलच्या पेल्यात ओतला, आणि कागदी पेला फेकून दिला. ऐसे प्रत्येक पेल्यास केले. अनंतरावांची पाठ होती म्हणून त्यांनी हे पाहिले नाही, आणि चहा पिऊन त्यांचे समाधान जाहले.

टेमरीडीहच्या वेशीवर निशाण फडकले. बिसाहीनबाई दारी उभी, लुगडे धुवट, अंगण शेणाने सारविलेले, हाती पाण्याने भरलेला काशाचा लोटा. त्या मुलखाची रीत ऐसी की पाहुणा दारी आला की भरला लोटा पुढे करावा, पाहुण्याने पाय धुवावे, आणि मग तो त्या घरचा जाहला. तिने लोटा अनंतरावांपुढे धरिला. अनंतरावांस आपलेच फर्मान आठवले, आणि ते हात जोडून बोलते जाहले, “नहीं नहीं बहनजी, पानी बचाइए. हमारे पास हमारा पानी है.” आणि गाडीतील कॅन दाखविला. कुंपणावरून पाऱ्यातील बायका पाहत होत्या, त्या एकमेकींकडे पाहावयास लागल्या. मंजिरीने पुढे होऊन लोटा घेतला आणि आपले पाय धुतले, परंतु सेनापतीने लोटा नाकारिला तो नाकारिलाच. बिसाहीनबाईने आत चटया घातल्या.

आत ओसरीवर मेजवानी मांडली होती. रात्रीचा भात पाण्यात भिजवून थंड केलेला, त्यास तिकडे बासी म्हणतात, वैशाखाच्या उन्हात त्या मुलखी धनी असो की चाकर, सर्वांचा हाच आहार. त्याजबरोबर दही, कांदा, हिरवी मिरची, टमाट्याची चटणी, लालभाजी आणि तळलेली बिजौरी, म्हणजे तिकडचे सांडगे. आवडत्या माणसास जे द्यावे ते तिने दिले होते. शांताबाईंनी मडक्यात डोकावून पाहिले आणि त्यांचे काळीज हलले. त्या सुनेच्या कानाशी लागून म्हणाल्या, “शिळा भात वाढून राहिली वो ही. पाहुण्याले शिळं देते काय कोणी? म्हणजे घरात काहीच नसंल बिचारीच्या. बरं झालं मी आणलं.” मंजिरीने खुलासा करावयास तोंड उघडिले, परंतु तितक्यात डब्यांची झाकणे निघाली, आणि पोळ्या, झुणका, ठेचा ऐसी फौज बासीसमोर मैदानात उतरली.

मग जे तुंबळ जाहले त्याचे वर्णन करणे कठीण, कारण त्यात कोणीच काही केले नाही. शिदोरी उघडली म्हणजे शांताबाई यजमान जाहल्या, आणि यजमानाने आधी वाढावे, मागाहून खावे. घर बिसाहीनबाईचे म्हणजे यजमान ती. शांताबाईंनी पोळीवर झुणका घालून तिजपुढे केला आणि म्हणाल्या, “पहले तुम खाओ बाई.” ती हात मागे घेऊन म्हणाली, “पहिली पहुना खाही दाई, तब घर के मनखे खाही.” आई, आधी पाहुणा जेवेल, मग घरची माणसे, ऐसा तिचा जबाब. शांताबाईंनी पुन्हा पोळी पुढे केली. तिने पुन्हा वाटी पुढे केली. ऐसे उभयपक्षी मोर्चे कायम जाहले. बासीतील दही कोमट होऊ लागले, पोळ्यांच्या कडा वाळू लागल्या, ऊन अंगणातून ओसरीच्या पायरीवर आले. निरंजनने भुकेने व्याकूळ होऊन चिवड्याच्या डब्याकडे हात नेला, तो आईच्या नजरेने जायबंदी होऊन परतला. अनंतरावांनी उभे राहून ग्रामजीवनाच्या महतीवर भाषण आरंभिले, तेव्हा सर्वांस आणखीच भूक लागली.

कुंपणावरील एक म्हातारी दुसरीस म्हणाली, हळू म्हणाली परंतु ओसरीवर ऐकू आले, “एहू मन अपन डब्बा धर के आय हें.” हेही डबा घेऊनच आले, ऐसा त्याचा अर्थ. आणि एक हसली. मंजिरीची मान खाली गेली.

तेव्हा बिसाहीनबाई उठली. बासीचे मडके दोन्ही हातांनी उचलिले आणि गोठ्याकडे वळली. शांताबाईंनी जन्मभर रांधले होते आणि वाढले होते. कोणी नुकतेच जेवून आलो म्हणून भरले ताट परत केले म्हणजे ते आत नेणाऱ्या बाईची पाठ कशी दिसते, ते त्यांस कोणी शिकवावे लागत नव्हते. ती पाठ त्यांनी पाहिली. कोणाले तरास नको, कोणाले तरास नको म्हणत आपण या बाईस केवढा त्रास दिला ते त्या क्षणी त्यांस कळले.

शांताबाई म्हणाल्या, “थांब वो बाई. मले भूक लागली. वाढ मले.”

हे मराठीत बोलल्या, परंतु बिसाहीनबाईस कळले. ती वळली. शांताबाईंनी डब्यांवर झाकणे घातली, अंगणात उतरून तोच लोटा उचलून पाय धुतले, आणि मग अनंतरावांकडे पाहून हुकूम दिला, “तुमी बी धुवा. भाषण मंग करजा.” सेनापतीने निमूट पाय धुतले. कुंपणावरील बायकांचे हसणे थांबले.

मग शांताबाई चटईवर बसल्या. पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसरा घेताना डोळे उघडले. भाताचा आंबूस गारवा, दही, त्यावर कांद्याचा कचका आणि मिरचीचा चावा, आणि बाहेर वैशाख पेटलेला. बाईंची मुद्रा पालटली आणि हात भराभर चालू लागला. वाटी रिकामी जाहली. बिसाहीनबाईने रिवाजाप्रमाणे विचारिले, “अउ लेबे दाई?” येथे साऱ्या घराण्याचे शास्त्र पणास लागले, कारण ऐशा वेळी पानावर आडवा हात धरून पुरे पुरे म्हणावे, मग पोटात कावळे ओरडत का असेनात.

शांताबाईंनी वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, “दे अजून.”

बिसाहीनबाईचे तोंड फुलले. तिने मडके तिरपे केले आणि तळचे सर्व ओतून दिले, निरंजनास आणि मंजिरीस वाढून उरले ते तिचे स्वतःचे होते. मडके रिकामे जाहले तेव्हा शांताबाईंच्या ध्यानी आले की आपण यजमानिणीचा वाटा मागून खाल्ला. ऐसा गुन्हा त्यांच्या हातून पूर्वी कधी जाहला नव्हता. त्यांनी डबा ओढला, झाकण उघडले आणि म्हणाल्या, “आता तुह्या घरात काही उरलं नाही. आता तू माही पाहुणी. खा गुमान.” पहुना जेवला होता, घराची रीत फिटली होती, सबब बिसाहीनबाई बसली आणि तिने पोळी मोडली. ठेच्याने तिच्या डोळ्यांस पाणी आले, आणि ती नाक पुसत म्हणाली, “बने चुरपुर हे दाई.” झणझणीत म्हणजे प्रशंसाच. मग कुंपणावरील बायकांस हाक गेली, आणि त्या आत आल्या आणि मग पोळ्या गेल्या, दशम्या गेल्या, झुणक्याचा डबा पुसला गेला.

अनंतराव पाय धुऊन अंगणातच भाषणाचा शेवट मनात जुळवीत राहिले होते, ते ओसरीवर आले तेव्हा बासी संपली होती आणि पोळ्याही संपल्या होत्या. त्यांस चिवडा मिळाला.

उतरत्या उन्हात कूच जाहले तेव्हा बिसाहीनबाईने बिजौरीची पुरचुंडी शांताबाईंच्या हाती दिली, आणि त्यांनी कशाला, राहू द्या, ऐसे एकदाही न म्हणता ती पदराखाली घातली. निशाण तेथेच राहिले. कोंबड्यांच्या खुराड्यावर ऊन येत होते, तेथे ते उत्तम बसले, आणि अक्षरे आतल्या अंगास गेल्याने आता ती केवळ कोंबड्या वाचतात. सारवलेल्या खोलीत भुसा भरला गेला नाही. पुढील रविवारी तेथे दुसरे पाहुणे उतरले, त्यांनाही डबा आणावयाची सवय होती, परंतु बायका वेशीवरच विचारावयास लागल्या, आणि डबा असल्यास तो आधी त्या खातात.

महाराष्ट्रमंडळात अनंतराव आजही सांगतात की गावकऱ्यांस यत्किंचित त्रास न देता ही मोहीम फत्ते जाहली. तेव्हा शांताबाई हसतात. सबब पुढे कोणास भ्रम पडू नये म्हणून येथे पक्की नोंद करून ठेविली आहे, की वैशाखमासी टेमरीडीह मुक्कामी शांताबाईंनी बिसाहीनबाईच्या वाट्याचे मागून खाल्ले, तिला उपाशी ठेविले, मग आपल्या हातचे खाऊ घातले, आणि येणेप्रमाणे तिला भरपूर त्रास दिला, म्हणून फत्ते जाहली.