भाषा टीमची हरकत नाही

विठू, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. आपला मीरा रोडचा नीरज आहे ना, त्याची बहीण रसिका घोडबंदरच्या शाळेत शिकवते. शाळेत दहा जुने कॉम्प्युटर, त्यांवर फुकटातलं लिनक्स. म्हणजे कुठल्या कंपनीचं नाही, जगभरचे लोक फावल्या वेळात मिळून चालवतात ते. त्यातून मराठी निकालपत्रक छापलं की नावं वरच्या ओळीत आणि वेलांट्या खालच्या. रसिका दर परीक्षेला दीडशे नावं पेनाने दुरुस्त करते.

नीरजने चूक शोधली. एक ओळ! बदललीसुद्धा. पण नवीन माणसाने स्वतः अपलोड करायचं नाही, असा तिथला नियम. जुन्या मेंबरने तपासायचं आणि स्वतःच्या डिजिटल सहीने चढवायचं. त्यात परवाच्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला दार बंद. मग दोन वर्षं नवीन काही आत नाही.

जवळचा जुना मेंबर कोण? केबिन रोडचे आत्माराम काका. ते बँकेतून रिटायर झाले, बँक त्यांच्यातून नाही झाली.

"काय बदललं ते कुठे लिहिलंयस?"

"लिहिलंय ना काका. 'छपाई दुरुस्त.'"

"कुणाची? का? आधी काय होत होतं? परत लिही."

परत लिहिलं. तीनदा. मग काका म्हणाले, "पॅकेज दुसऱ्याच्या नावावर आहे. त्याची हरकत नाही, असं लेखी आण."

पॅकेज म्हणजे तो छपाईचा प्रोग्राम. तो होता कुठल्याशा 'भाषा टीम'च्या नावावर. नीरजने मेल केला. आठ दिवस झाले, उत्तर नाही. रविवारी बारा वाजता बिचारा परत काकांच्या दारात.

"काका, ती भाषा टीम उत्तरच देत नाहीये."

आतून हंसाकाकू म्हणाल्या, "अरे टीम कसली? हे एकटेच आहेत. दुसरा होता तो कॅनडाला गेला."

नीरज काकांकडे वळला. "काका, तुम्ही?"

"टीमचे मेल वेगळ्या पेटीत येतात," काका शांतपणे म्हणाले. "बरेच दिवस उघडली नाही."

"मग आता हो म्हणा ना!"

"तोंडी चालत नाही."

पेटी उघडली. चारशे बारा मेल, पहिला सहा वर्षांपूर्वीचा. काका पहिल्यापासून वाचायला लागले.

"काका, माझा शेवटचा आहे, तो आधी घ्या ना प्लीज."

"लाइन म्हणजे लाइन."

बऱ्याच जणांना उत्तरंही दिली, 'उशिराबद्दल क्षमस्व'. दीडला जेवण. काकूंनी नीरजलाही वाढलं, पण घास नुसता तोंडात फिरतोय. पाचला कसाबसा त्याचा मेल आला. काकांनी दोनदा वाचला, 'भाषा टीमची हरकत नाही' लिहिलं, पाठवलं. मग बदल तपासला, सहीचं कार्ड मशीनमध्ये घातलं, खुर्चीत मागे टेकले आणि घोरायला लागले!

स्क्रीनवर फक्त पिन मागत होतं. पाच सतरा.

"दाब की," काकू म्हणाल्या. "पिन मला माहितीये. आमच्या लग्नाची तारीख."

"काकू, सही काकांची आहे. मी कशी दाबू?"

"बरं, मी दाबते, सरक."

"नको! नियम आहे काकू!" आणि पठ्ठ्याने काकांना हलवायला सुरुवात केली. काका उठले, चष्मा शोधला, तोंड धुतलं, टॉवेल जागेवर वाळत टाकला. येऊन बसले तेव्हा पाच बत्तीस. दार बंद.

नीरज तिथेच लादीवर बसला. काकांनी घड्याळ बघितलं, मग नीरजला बघितलं.

"मला कशाला उठवलंस रे? हिला सांगायचं. दुपारचं नेहमी हीच दाबते."

मला फोन केला तेव्हा तो त्यांच्याच जिन्यात बसला होता. घरी रसिका दीडशे निकालपत्रकं घेऊन वाट बघतेय, जाऊन तिला काय सांगू म्हणाला. आता तू सांग विठू, त्या तेरा मिनिटांत तू काय केलं असतंस?