हिरव्या ओढणीतला मलिदा

शिळ्याचं सोनं करावं तर ह्या प्रेमानंदनंच! हे मीच सांगायलोय, कारण दुसरं कुणी सांगत न्हाई. रात्रीच्या भाकरीचा सकाळी कुस्करा, उरलेल्या भाताला लसणाची फोडणी, उरलेलं वरण धपाट्याच्या पिठात! हुलसूरच्या आमच्या ऑफिसात माझा डबा उघडला की घमघमाट सुटतो. पटत न्हाई ते फक्त आमच्या बायकोला.

"लोक म्हणतील, मास्तरीण नवऱ्याला शिळं घालती!" प्रेरणा मंठाळच्या शाळेत शिकवते, त्यामुळं घरातही तिचा आवाज वर्गातलाच.

"अगं, लोक बोटं चाटतील!"

"बरं! आज एका माणसानं जरी डब्याला चांगलं म्हणलं, तर जन्मात शिळ्याला नाव ठेवणार न्हाई. न्हाई म्हणलं, तर तुम्ही उद्यापासून स्वयंपाकघरात पाय टाकायचा न्हाई. मंजूर?"

"मंजूर!"

आदल्या रात्री पाहुणे येणार म्हणून केलेली चपात्यांची चळत तशीच पडली होती. पाहुणे आलेच न्हाईत! मी चपात्या बारीक केल्या, गूळ घातला, तूप हात सैल सोडून ओतलं, वर वेलदोडा. मलिदा तयार, तोही सगळ्या ऑफिसाला पुरंल एवढा! मोठा डबा घेतला, तर त्याचं झाकण गायब. आमच्या घरात डबे तेवढी झाकणं हायत, पण एकाचंही लग्न जमत न्हाई. शेवटी गुलबर्ग्याला कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या पोरीची जुनी हिरवी ओढणी वर बांधली आणि निघालो.

दुपारी डबा टेबलावर ठेवला. आता तुम्हीच बघा. वार गुरुवार. आत मलिदा. वर हिरवं कापड! आमच्याकडं शेंबडं पोरगंसुद्धा सांगंल की हे दर्ग्याचं हाय, कुणाचा तरी नवस फिटलाय.

शिपाई हावगेप्पानं आधी बघितलं. दाराबाहेर चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला. "साहेब, नवस फिटला व्हय?"

मी तोंड उघडेपर्यंत आमचे हेडक्लार्क गुरुपादय्या आले. त्यांनी तर मोजेसुद्धा काढले! ओंजळीत चिमूटभर मलिदा घेतला, डोळ्याला लावला, काहीतरी पुटपुटले आणि तोंडात टाकला.

"कसा झालाय, अण्णा?" मी जीव मुठीत धरून विचारलं.

"एऽ, प्रसादाला कसा झालाय म्हणून विचारायचं नसतंय!"

झाली का पंचाईत! एकेक जण यायचा, डोळ्याला लावायचा, खायचा आणि मान खाली घालून जायचा. चवीबद्दल ब्र न्हाई! वर माझी अब्रू गेली ती वेगळीच. आमच्या घरात नवस कुणी करत न्हाई. बुद्धविहारात अंधश्रद्धेवर भाषण मीच ठोकतो, आणि तेही ह्याच गुरुपादय्यांना पुढं बसवून!

"एनो, काय रे प्रेमानंद," ते गालात हसले, "शेवटी आलास का न्हाई लाइनीवर?"

"अण्णा, नवस न्हाई हो! ही तर शि... शि..."

त्यांचे डोळे भरून आले होते. मघाशी पुटपुटताना आपल्या पोराच्या नोकरीसाठी मागणं मागितलं असणार. ह्या माणसाला कसं सांगू की तुम्ही डोळ्याला शिळी चपाती लावली म्हणून?

"शिरणी!" त्यांनीच शब्द पुरा केला. "हौदु, होय, पीराची शिरणीच की!"

आता नवस कसला, ह्यावर चर्चा. पोरगी शिकायली, घर बांधून झालं. मग राहिलं काय? हावगेप्पाचा चेहरा एकदम उजळला आणि तो फोन घेऊन बाहेर पळाला. त्याची बायको प्रेरणाच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवते!

जरा वेळात माझा फोन वाजला.

"अहो, मला कितवा महिना लागलाय म्हणे?"

"काय?"

"बायका मला खाली वाकू देईनात! हेडमास्तरनी खुर्चीवर उशी आणून ठेवली! पोरगी कॉलेजात हाय आपली! काय केलंत तुम्ही?"

"मलिदा," मी बारीक आवाजात म्हणलं आणि सगळं सांगितलं.

पलीकडून प्रश्न आला, "चांगलं म्हणलं का कुणी?"

हावगेप्पा बोटानं डबा निपटत होता. मी फोन स्पीकरवर टाकला. "हावगेप्पा, खरं सांग, चव कशी होती?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "साहेब, बोलू नये, पण उरुसातल्या मलिद्याहून भारी!"

"ऐकलंस?" माझी छाती टेबलाला लागली हो! एवढा अभिमान लग्नातसुद्धा वाटला नव्हता.

"ऐकलं. जिंकलात. आता फोन अण्णांकडं द्या."

दिला.

"अण्णा, पाळणा-बिळणा काही न्हाई. ह्या माणसाला अक्कल यावी म्हणून शिरणी होती."

गुरुपादय्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. "अक्का, मग अजून वाटावी लागंल! पुढच्या गुरुवारी पुन्हा, आणि खालच्या ऑफिसालापण!"

प्रेरणा शब्दाची पक्की. शिळ्याला आता नाव ठेवत न्हाई. फक्त तिनं चपात्या मोजून करायचं धरलंय, घरात एक उरत न्हाई! म्हणून आज बुधवारी कणकेचा डोंगर तिंबून मी चपात्या लाटायलोय. शिळ्याचं सोनं करणारा हा प्रेमानंद, ताज्याचं शिळं करायलाय!